सुनंदाबाईंचं भरीत आणि नकाशावरचं आमचं घर

रविवारी सकाळी मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत बसलो होतो. फाटक उघडून चार अनोळखी माणसं आत आली, चपला काढून निवांत ओट्यावर टेकली आणि त्यातला एकजण मला म्हणाला, "काका, चार प्लेट. तिखट जरा जास्त."

गालाला फेस लावलेल्या माणसाला रागावता येत नाही. रागावला तरी समोरच्याला ते दिसत नाही. मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. मी नुसता चष्मा पुसायला घेतला तरी कारकून आपापल्या जागेवर जाऊन बसत. त्या मला, म्हणजे कौतिकरावांना, माझ्याच ओट्यावर कोणीतरी प्लेटची ऑर्डर देत होतं. मी वस्तरा खाली ठेवला आणि आपण कोण, असं विचारलं. मंडळी भुसावळहून धुळ्याला निघाली होती. नशिराबाद मागे पडल्यावर त्यांना भूक लागली, त्यांनी फोनला विचारलं आणि फोननं त्यांना आमच्या घरी पाठवलं.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर जळगाव, जळगावात आमची कॉलनी, कॉलनीत आमची गल्ली, गल्लीत आमचं घर आणि घरावर काट्याचमच्याचं चित्र. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सुनंदाबाईंचं भरीत'. खाली आमचा पत्ता, माझा मोबाईल नंबर आणि आमच्या अंगणाचा फोटो. फोटोत मी बनियनवर होतो.

सुनंदाबाई म्हणजे आमची ही. हिवाळा लागला की आमच्याकडे घरोघरी भरीत पार्ट्या सुरू होतात. अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यात हिरवी मोठी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर, उद्या जेवायला मिळणार नाही अशा हिशेबानं खायची. हिच्या हातच्या भरिताला तोड नाही, हे मला मान्य आहे. तिच्यासमोर मी ते कधी बोललो नाही, कारण नवऱ्यानं असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या अंगणात सगळं गणगोत जमलं होतं. भाजणाऱ्या वांग्यांवर जितके हात होते त्यापेक्षा जास्त फोन होते. त्यातल्याच कोणाच्या तरी फोनमधून आमचं घर निसटलं आणि नकाशावर जाऊन बसलं, एवढा अंदाज मला करता आला.

मी त्या चौघांना हे खासगी घर आहे असं सांगत असतानाच ही आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. दारात आलेला माणूस भुकेला परत पाठवायचा नाही, हा तिच्या माहेरचा नियम. वांगी घरात होती. मंडळी जेवली, पैसे काढले, हिनं घेतले नाहीत. जाताना त्यांनी फोनवर पाच चांदण्या दिल्या आणि लिहिलं, 'भरीत अप्रतिम. पैसे घेत नाहीत. जरूर भेट द्या.'

फुकट जेवण मिळतं ही बातमी पसरायला खान्देशात फोनचीही गरज नाही. फोन होता, तेव्हा ती जरा जास्त पसरली.

पुढच्या रविवारी लोक जोडीनं आले, त्याच्या पुढच्या रविवारी मुलाबाळांसकट. माझा फोन सकाळपासून वाजू लागला. बसायला जागा आहे का, जैन भरीत मिळतं का, वाढदिवसाची ऑर्डर घेता का. मी प्रत्येकाला नम्रपणे नकार देत होतो. माझा नम्रपणा लोकांना कळला नसावा, कारण एके दिवशी नकाशावर कोणा युवराज नावाच्या गृहस्थाचा अभिप्राय उमटला. तो मला तोंडपाठ आहे. 'भरीत एक नंबर. बाई देवमाणूस. दारातला म्हातारा तुसडा आहे. त्याचे दोन स्टार कापले.'

बनियनचं मी सोडून दिलं असतं. घर गेलं, नंबर गेला, तेही गिळलं असतं. पण जगाच्या पाठीवर कुठूनही कोणीही बोट टेकवावं आणि मी तुसडा म्हातारा आहे असं त्याला वाचायला मिळावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. आपलं घर त्या नकाशावरून पुसायचंच, असा मी निश्चय केला. हिला काही बोललो नाही. बायकांना यातलं काय कळतं, असं तेव्हा माझं मत होतं.

शेजारचे अभिमन आबा वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना सगळ्या विषयांतलं कळतं. ते म्हणाले, यात नकाशाच्या कंपनीबिंपनीचं काही काम नाही, फाटकावर पाटी लावा. मी पेंटरकडून पाटी रंगवून आणली, 'येथे भरीत मिळत नाही'. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी बघतो तो नकाशावर पाटीचाच फोटो. येणाऱ्यांना घर सापडायला अडचण होत होती, ती माझ्या पाटीनं दूर केली होती. वर लोक पाटी वाचून विचारायचे, आज नाही तर मग उद्या मिळेल का. आबांचं म्हणणं पडलं की पेंटरनं अक्षरं फार सुबक काढली, जरा भेसूर काढायला हवी होती.

मग मी कंपनीकडे वळलो. नकाशाच्या त्या पानावर 'बदल सुचवा' अशी सोय होती. मी सुचवलं की ही जागा अस्तित्वात नाही. कंपनीनं कळवलं की आमच्या माहितीनुसार जागा अस्तित्वात आहे आणि रविवारी दुपारी तिथे विशेष गर्दी असते. गर्दी आहे हे तिला कसं कळलं, तर जेवायला येणाऱ्यांच्या खिशातल्या फोनवरून. म्हणजे आमच्या अंगणात कोण कधी आलं आणि किती वेळ बसलं, हे मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही, पण सातासमुद्रापार कोणीतरी ते मांडून बसलं होतं. मी पुन्हा लिहिलं. कंपनी म्हणाली, असा बदल फक्त मालकाला करता येतो. आपण मालक असल्यास तसं सिद्ध करा.

खानावळ माझी नाही हे सांगण्यासाठी आधी ती माझी आहे हे सिद्ध करायचं होतं. कचेरीतली माझी अख्खी हयात लोकांना हेलपाटे घालायला लावण्यात गेली, पण इतका उत्तम नियम आम्हाला कधी सुचला नाही.

सिद्ध करायला चित्रफीत मागितली होती. दार, पाटी, स्वयंपाकघर, एका दमात. ही देवळात गेलेली बघून मी फोन धरून घरभर फिरलो आणि चित्रफीत पाठवून दिली. मधे एक लांबलचक मजकूर आला, खाली 'मान्य आहे' असं लिहिलेलं होतं. मी ते दाबलं. आयुष्यात मी इतक्या ठिकाणी 'मान्य आहे' दाबलं आहे की आता ते लग्नातल्या अक्षतांसारखं झालं आहे, सगळे टाकतात म्हणून आपणही टाकायच्या.

कंपनीनं अभिनंदन केलं. मी आता अधिकृत मालक होतो. पान काढायला गेलो तर तिनं कळवलं की मालकाला फक्त माहिती बदलता येते, पान ज्यानं बनवलं त्यालाच काढता येतं आणि तो कोण हे सांगता येत नाही. आणि आमचं स्वयंपाकघर सगळ्या जगाला बघण्यासाठी खुलं झालं होतं. त्यात फ्रिजवर चिकटवलेली माझी औषधांची चिठ्ठी अगदी स्पष्ट वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याहून एका गृहस्थाचा प्लेटसाठी फोन आला. मी नाही म्हणालो तर तो काळजीनं म्हणाला, "काका, चिडू नका, तुम्हाला शुगर आहे." त्या दिवसापासून माझ्या फोनवर कारल्याच्या रसाच्या जाहिराती येऊ लागल्या.

मी सायबर शाखेतही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि पैसे किती गेले ते विचारलं. मी म्हणालो, पैसे गेले नाहीत. मग काय गेलं? मी म्हणालो, पत्ता गेला. साहेबांनी जरा विचार करून विचारलं, पण तुम्ही अजून तिथेच राहता ना. त्यांचंही खोटं नव्हतं. बाहेर बाकावर खरोखरचे पैसे गेलेली माणसं बसली होती, त्यांच्यासमोर माझं दुःख फारच पोटभरलेलं वाटत होतं. मी चहा संपवून उठलो.

आबांच्या सल्ल्यानं मी फोन बंद करून कपाटात ठेवला. शेवटचा उपाय म्हणून कॉलनीच्या कोपऱ्यावर गुलाबरावांचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे, तिथे गेलो. गुलाबरावांना सगळे फॉर्म भरता येतात, वाचता येतात की नाही मला शंका आहे. त्यांनी पान वरखाली करून बघितलं आणि म्हणाले, नाना, ही लोकं दुसरं काही ऐकत नाहीत. इथे एक रकाना आहे, व्यवसाय चालवणाऱ्याचं निधन. ते टाकलं की झटक्यात काढून टाकतात.

मी म्हणालो, टाका. त्यांनी विचारलं, नाव कोणाचं टाकू? पानावर नाव हिचं होतं. माझं टाकून चालणार नव्हतं.

मला त्या क्षणी काही वाटलं का? खरं सांगतो, वाटलं. पण मी थकलो होतो. आणि हे मशिनला सांगायचं होतं, माणसांना थोडंच. कारण विचारलं होतं, तिथे मी 'अल्पशा आजाराने' असं सांगितलं, कारण वर्तमानपत्रात तसंच असतं. गुलाबरावांनी बटण दाबलं. कंपनीचं उत्तर पहिल्यांदाच ताबडतोब आलं. ती आमच्या दुःखात सहभागी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. ही बाजारात गेली होती. फाटकाबाहेर एक जीपगाडी थांबली आणि तिच्यातून हिचा धाकटा भाऊ प्रेमराज, त्याची बायको लताबाई आणि पाचोऱ्याची, म्हणजे हिच्या माहेरची, सगळी मंडळी उतरली. बायकांनी गाडीतून उतरतानाच तोंडावर पदर घेतले होते. पुरुष टोप्या काढून हातात धरून होते. आमच्याकडे कोणी वारलं की दारावर जायचं ते असं. मला वाटलं, तिकडे पाचोऱ्याला कोणाचं तरी काही झालं आणि ते आम्हाला सांगायला आले. मी घाबरून उभा राहिलो, तोवर प्रेमराज गळ्यातच पडला.

"दाजी, हाई काय व्हयनं?" तो हुंदके देत म्हणाला. "मनी अक्का गयी आनि तुम्ही माले एक फोन बी नही कया?"

माझा फोन कपाटात बंद होता. हिच्या फोनवर का केला नाहीस, असं मी नंतर त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मेलेल्या बहिणीला कोण फोन करतं.

मी म्हणालो, "अरे प्रेमराज, ती बाजारात गेली आहे. वांगी आणायला."

त्यावर तो आणखीच मोठ्यानं रडायला लागला. मागे वळून मंडळींना म्हणाला, "दाजीना डोकावर परिणाम व्हयना." सगळ्यांनी मान हलवली. दोघातिघांनी मला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं. आवाज ऐकून अभिमन आबा आले. प्रेमराजनं त्यांना सांगितलं आणि आबांनी सकाळीच हिच्याकडून लिंबं नेली होती हे विसरून डोळ्याला रुमाल लावला. मी दोन-तीनदा बोलायला तोंड उघडलं, पण प्रत्येक वेळी कोणीतरी पाठीवर हात फिरवून म्हणायचं, बोलू नका, मन हलकं होऊ द्या. अंगणात बायकांनी सूर धरला होता. "माय व माय, कोठे गयी व अक्का," असं लताबाई पदराआडून म्हणत होत्या आणि बाकीच्या साथ देत होत्या.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि ही वांग्यांची पिशवी घेऊन उतरली.

अंगणात सगळं माहेर रडत बसलेलं तिनं बघितलं. तिची पहिली नजर माझ्याकडे गेली. मी खुर्चीवर बसलेला तिला दिसलो आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला. ते मी पाहिलं. मग तिनं पिशवी टाकली, धावत जाऊन लताबाईंच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. आमच्याकडे आधी रडतात आणि मग कोण गेलं ते विचारतात. लताबाईंच्या तोंडावर पदर होता, त्यांनीही आलेल्या बाईला घट्ट धरलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून, एक कोणासाठी ते माहीत नसताना आणि दुसरी कोणाला धरलंय ते माहीत नसताना, चांगल्या रडल्या. पुरुष मंडळींनी हिला ओळखलं आणि हातातल्या टोप्या एकेक करून परत डोक्यावर चढवल्या.

शेवटी हिनं नाक पुसून विचारलं, "कोन गयं व?"

लताबाईंनी पदर वर केला. बघितलं. आणि परत खाली घेतला.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला आवडत नाही. प्रेमराजनं फोन काढून दाखवला. कंपनीनं पान काढलं नव्हतंच. तिनं जेवून गेलेल्यांनी टाकलेल्या हिच्या फोटोभोवती काळी चौकट टाकली होती, खाली 'आठवणी लिहा' अशी सोय केली होती आणि ज्याच्या फोनवरून ते पान बनलं त्याला सगळ्यात आधी कळवलं होतं. तो फोन प्रेमराजचा. पार्टीच्या दिवशी कॉलनीतल्या एकसारख्या घरांमध्ये तो हरवला होता, म्हणून मागच्यांना सापडावं या चांगल्या हेतूनं त्यानं आमचं घर नकाशावर टाकलं होतं. कसली जागा आहे असं फोननं विचारलं, तेव्हा समोर वांगी भाजत होती, म्हणून त्यानं खानावळ म्हटलं. मला विचारलं असतं तर एका बोटानं काढून दिलं असतं, असंही तो म्हणाला.

ही सगळं ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

"कारण काय लिहिलंत?"

"अल्पशा आजारानं," मी म्हणालो.

"इतकी वर्षं तुमच्या घरात राबले आणि गेले ती अल्पशा आजारानं." ती जराही चिडलेली दिसत नव्हती, हेच वाईट होतं. "त्या कंपनीनं तुम्हाला न विचारता घर नकाशावर टाकलं म्हणून तुम्ही महिनाभर घर डोक्यावर घेतलंत. मला मारलंत, तेव्हा मला विचारलं होतं का?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. कचेरीत त्यानं कारकून जागेवर जाऊन बसत, इथे ही समोरच उभी राहिली. 

प्रेमराज वातावरण निवळावं म्हणून म्हणाला, दाजी, लगेच काढून टाकतो. मी घाईनं म्हणालो, काढ. ही म्हणाली, "थांब. नाव कोणाचं शे त्यावर?"

"तुनं, अक्का."

"मग माले विचार."

आणि तिनं असं ठरवलं की काढायच्या आधी त्यावर तिच्याबद्दल जे जे लिहिलं आहे ते सगळं तिला वाचून दाखवायचं. तिचा चष्मा आत होता. वाचणार मी.

मी सगळ्या पाहुण्यांसमोर उभा राहून वाचलं. कारकुनी आवाजात सुरुवात केली. भुसावळच्या चौघांनी लिहिलं होतं की बाईंनी आग्रह करकरून वाढलं. धुळ्याच्या साक्षी नावाच्या मुलीनं लिहिलं होतं की ती परीक्षेला जळगावला आली होती, एकटी होती, पेपर वाईट गेला होता, आणि काकूंनी काही न विचारता भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. साक्रीच्या कोणा शिक्षकानं लिहिलं होतं की आई गेल्यानंतर असं भरीत त्यानं पहिल्यांदाच खाल्लं. हे मी कोणी न सांगता दोनदा वाचलं. युवराजचा अभिप्राय आला तेव्हा मी एक ओळ गाळायचा प्रयत्न केला, पण प्रेमराज माझ्या खांद्यावरून बघत होता. ती ओळही वाचावी लागली. तुसडा म्हातारा. मंडळींनी, मघाशी मला वेड लागलं म्हणून हलवल्या होत्या तशाच, माना हलवल्या.

ही पदराच्या टोकानं डोळे पुसत होती. "जिवंतपणी हे कोणी बोललं नव्हतं," ती म्हणाली. जरा थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हीसुद्धा नाही."

मी म्हणालो, भरीत चांगलं करतेस. सगळ्यांसमोर म्हणालो. फार उशिरा आणि फार हळू म्हणालो, पण म्हणालो.

"आता काढ," ती प्रेमराजला म्हणाली. "लोक आले त्याचं माले काही नही. पण मनं नाव मनाकडेच राहू दे."

तिचं नाव तिच्याकडे परत द्यायला त्यानं बोट टेकवलं आणि पान गेलं. ते खरोखर नष्ट झालं की कंपनीच्या कोणत्या तरी कपाटात जाऊन पडलं, हे मला ठाऊक नाही. कचेरीत आम्हीही कागद नष्ट केल्याचा शेरा मारत असू, आणि कागद पोटमाळ्यावर असत.  

दारावर आलेल्यांनी त्या घरी जेवायचं नसतं. पण कोणी मेलंच नव्हतं तर न जेवता जाणं अशुभ, असा लताबाईंनी निकाल दिला. मग काड्या पेटल्या, बाजारातून आणलेली वांगी भाजली आणि हिच्या मरणाला आलेली मंडळी पोटभर जेवून गेली. बडगीत वांगी ठेचायचं काम मला दिलं होतं. जेवताना एकानं सवयीनं फोन वर धरला. त्याच्याकडे हिनं नुसतं पाहिलं. त्यानं तो खिशात टाकला.

माझा फोन आता पुन्हा सुरू आहे. कारल्याच्या जाहिराती अजून येतात. काल मी वीजबिल भरायला काहीतरी उघडलं तर फोननं विचारलं, तुमचे फोटो, तुमचे नंबर आणि तुम्ही कुठे आहात ते बघायची परवानगी द्यायची का. बोट सवयीनं 'मान्य आहे' कडे निघालं होतं. मी ते मधेच थांबवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "अगं, द्यायची का?"

आतून, काय ते न विचारताच, उत्तर आलं, "नाही."